सीट मागं कोणी सरकवली?

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंच कोणत्या गुन्ह्यातला, हे सांगताना माझी हल्ली गडबड होते. पण मार्गासनीच्या पुढं झालेला एक साधा मोटार अपघात मात्र पहिल्या फोनपासून शेवटच्या सहीपर्यंत लख्ख डोळ्यांसमोर आहे. त्यात कोणी मेलं नाही, वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत. तरी पोलीस म्हणून मला त्या प्रकरणानं जेवढं खाली पाहायला लावलं, तेवढं कुठल्या दरोडेखोरानं लावलं नाही. नावं मी कुणाचीच सांगणार नाही, कारण ती माणसं अजून त्याच रस्त्यानं येतात-जातात.

भोर-वेल्हे भागातल्या एका छोट्या ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळी हजेरी, मग समन्स-वॉरंटची वाटणी, दुपारी बांधाची भांडणं आणि संध्याकाळी गडावर वाट चुकलेल्या पर्यटकांचे फोन, असा तिथला दिवस जायचा. मी स्वतःला माणूस ओळखणारा समजत असे. समोरचा खोटं बोलतोय की खरं, हे खुर्चीत बसण्याच्या पद्धतीवरून कळतं, असं मी नवीन पोरांना ऐकवायचो. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही, फक्त आता ते मी जरा जपून सांगतो.

भातकाढणी नुकतीच उरकली होती. त्या दिवसांत वरच्या वाड्यांवरचे धनगर मेंढ्या घेऊन खाली उतरतात. रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवल्या की लेंडीखत आपोआप पडतं, म्हणून शेतकरीच त्यांना बोलावून घेतात. रस्त्यावर कळप भेटणार हे इथं गाडी चालवणाऱ्यानं धरूनच चालावं लागतं. दुपारी साडेबाराच्या सुमारास मार्गासनीच्या एका टपरीवाल्याचा फोन आला. गुंजवण्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका कारनं म्हाताऱ्या मेंढपाळाला उडवलं होतं.

मी एक हवालदार आणि एक महिला शिपाई यांना घेऊन निघालो. हवालदार अंगानं ताडमाड, सहा फुटांच्या वर. महिला शिपाई नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली, कमी बोलणारी. पोहोचलो तर म्हातारा रस्त्याच्या डाव्या कडेला पडलेला, मांडीचं हाड मोडलेलं. कुणीतरी त्याच्या पायाला त्याचीच काठी लावून ओढणीनं घट्ट बांधलं होतं. कारचं पुढचं डावं चाक चारीत उतरून बंपर मोरीच्या दगडावर आपटला होता. मागच्या डाव्या दारावर घासल्याची ताजी खूण होती. प्रकार सरळ दिसत होता. कळपाच्या बाजूनं पुढं जाताना समोरून एसटी आली, गाडी एकदम डावीकडं ओढली गेली आणि गाडीचा मागचा भाग म्हाताऱ्याला लागला. फोटो काढले, मोजमापं घेतली. म्हाताऱ्याला रुग्णवाहिकेतून आधी ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून पुण्याला हलवलं.

एसटी अडकलेली, मेंढ्या सैरावैरा, लोक जमलेले. गाडी चालू होत होती. हवालदारानं ती मागं घेऊन चारीतून काढली आणि चालवतच ठाण्यात आणून लावली.

गाडीतली माणसं आमच्या मागोमाग गावातल्या एका जीपनं ठाण्यात हजर झाली. गुंजवण्याचं शेतकरी कुटुंब, किकवीला साखरपुडा उरकून परत निघालेलं. सासरे, मुलगा आणि सून. सासरे साठीचे, पांढरी टोपी, गावात शब्दाला मान असलेले. मुलगा पस्तिशीचा, जरासा वाकून बसलेला. सून त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, उंचीनं जेमतेम पाच फूट.

"सायेब, जे झालं त्ये झालं," सासरे म्हणाले. "गाडी सूनबाई चालवत व्हती. आमी काय लपवनार न्हाई. लायसन हाय तिच्याकडं, पक्कं."

असं म्हणून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तिचं लायसन काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

मी सुनेला विचारलं, "ताई, गाडी तुम्हीच चालवत होता?"

"व्हय."

"कसं झालं?"

ती खाली बघत राहिली. मग मी विचारत गेलो आणि ती 'व्हय' म्हणत गेली. अर्ध्या तासात जबाब झाला. समोरून एसटी आली, ती घाबरली, ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला. तिनं सही केली. तिला आणि नवऱ्याला वैद्यकीय तपासणीला पाठवलं. दारू दोघांच्याही पोटात नव्हती. नवऱ्यानं मला काही लागलं नाही म्हणून सांगितलं आणि तो तेवढ्यावरच परत आला. सुनेची मात्र पूर्ण तपासणी झाली. दाखला आला, मी तो वाचला, सही केली आणि फाइलला लावला. तिला नोटीस देऊन घरी सोडलं. एवढं सरळ प्रकरण महिन्यात एखादंच मिळतं, आणि खरं सांगायचं तर मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. नाव सांगायला तयार नव्हती. ठाणे अंमलदारानं फोन माझ्याकडं दिला.

"सायेब, त्या पोरीनं गाडी चालवली न्हाई."

"तुम्ही पाहिलं का?"

"पाह्यलं न्हाई. पन मालक गाडीत असताना तिला ष्टेरिंगवर कोन बसू देतंय? आमी काय आज बघतोय व्हय त्या घराला? ती एकलीच आसली तरच चालवती. मालक बसला की ती डावीकडं." बाईनं आवाज खाली आणला. "म्होरल्या महिन्यात आमच्या बचत गटाचा टेम्पो येनार हाय. तांदूळ न्यायला. त्यो तीच चालवनार हाय, आमच्यात दुसऱ्या कुनाला येतंय? केस तिच्यावर झाली तर तिचं लायसन जाईल. मग समदंच गेलं बघा."

फोन बंद झाला. ही खबर पुरावा म्हणून शून्य होती. बाईनं काहीच पाहिलं नव्हतं, आणि एसटीच्या ड्रायव्हरचंही लक्ष मेंढ्यांवर होतं. पण तिनं घराची रीत सांगितली होती, आणि रीत माणसाला सहजी सोडत नाही. मी उठून आवारात गेलो आणि त्या कारचं दार उघडून ड्रायव्हरच्या जागी बसलो.

सीट पार मागं होती. मी चांगला पाच फूट आठ इंच, पण क्लच पूर्ण दाबायला मलाही पुढं सरकावं लागलं. पाच फुटांच्या बाईचा पाय तिथं पोहोचणं शक्यच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी त्याच सीटवर बसून महिला शिपायाला हाक मारली. "बाप-लेकाला बोलवून घ्या. आजच्या आज निकाल लागतो की नाही ते बघा!"

दुपारी दोघं आले. सासऱ्यांना बैलगाडीपलीकडं काही चालवता येत नव्हतं, त्यामुळं उरला मुलगा. त्याला मी समोर बसवलं आणि आवाज चढवला.

"तुझं लायसन कुठंय?"

त्यानं उगाच खिसा चाचपला.

"आहे की नाही?"

"न्हाई काढलं, सायेब."

"किती वर्षं गाडी चालवतोस?"

"ट्रॅक्टर धरला तर... लहानपनापासनं."

आता सगळं उलगडलं. पंधरा-वीस वर्षं गाडी हाकणाऱ्या माणसाकडं लायसन नाही, आणि घरात ज्या एकाच व्यक्तीकडं लायसन आहे तिला गाडी मिळत नाही. या भागात हे काही नवल नाही. लायसन म्हणजे कुणी अडवलं तर दाखवायचा कागद, असाच लोकांचा समज असतो, आणि अडवणार तरी कोण, सगळे ओळखीचेच. बिनलायसनचा माणूस ड्रायव्हर निघाला की विमा कंपनी हात वर करते आणि माणूसही अडकतो. म्हणून ज्याच्या नावावर कागद, त्याला पुढं करायचं.

मी त्याला हाताला धरून कारपाशी नेलं. "ही सीट बघ. इथं बसून तुझ्या बायकोचा पाय क्लचला पोचतो का? बोल!"

त्याचा चेहरा पडला. त्यानं बापाकडं पाहिलं. एक मिनिट आणखी मिळालं असतं तर तो बोलला असता, याबद्दल मला आजही शंका नाही. पण नेमका तेव्हाच आमचा हवालदार माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"साहेब, जरा बाजूला येता का?"

"काय असेल ते इथंच बोला."

"साहेब... ती सीट मी मागं घेतली. काल गाडी आणताना. माझे गुडघे स्टेअरिंगला लागत होते."

मी परत त्या सीटकडं पाहिलं. "आधी कुठपर्यंत होती?"

"ते नाही बघितलं. सवयीनं खटका ओढला आणि सरकवली."

सासऱ्यांनी टोपी नीट केली. ते हसले नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत हसू होतं. "सायेब, सीट तुमचीच मान्सं मागंफुडं करत्यात. त्यात आमच्या सूनबाईचा काय दोष?"

दोघांना परत पाठवावं लागलं. ते गेल्यावर मी हवालदाराला असा झाडला की बाहेर चहा घेऊन आलेला माणूस दारातूनच मागं फिरला. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, रस्ता मोकळा करा, रस्ता मोकळा करा, असं काल तुम्हीच ओरडत होता." ते खरं होतं. गाडीला हात लावायच्या आधी आतला फोटो घ्या, हे मी सांगायला हवं होतं, आणि मी एसटीच्या कंडक्टरशी हुज्जत घालत होतो. जगातला प्रत्येक ड्रायव्हर परक्या गाडीत बसला की पहिली सीट हलवतो, हे साधं शहाणपण मला अख्ख्या नोकरीत सुचलं नव्हतं.

संध्याकाळी मी फाइल पुढ्यात घेऊन चिडून बसलो होतो. महिला शिपाई दारात उभी होती. आत येऊन ती म्हणाली, "साहेब, तो डॉक्टरचा दाखला परत बघता का?"

मी बघितला. डाव्या खांद्यापासून छातीवर तिरका उतरलेला लालसर वळ, असं लिहिलं होतं. "पट्ट्याचा वळ आहे. पट्टा लावला होता म्हणजे शहाणी बाई आहे. पुढं?"

"साहेब, ड्रायव्हरचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो."

तिनं मला आमच्या जीपपाशी नेलं आणि माझ्या नेहमीच्या डाव्या सीटवर बसून पट्टा ओढायला गेली. तो निघेना. मीच तो कधीतरी सीटमागं गाठ मारून ठेवला होता, मध्ये लोंबतो म्हणून. तिनं गाठ सोडली, पट्टा लावला आणि बोटानं दाखवला. डावा खांदा. मग ड्रायव्हरच्या जागी जाऊन लावला. उजवा खांदा. दाखल्यावर माझी सही होती. कालपासून तो कागद माझ्याच फाइलमध्ये पडून होता. मी तिला शाबासकी दिली, पण मनातून पार ओशाळलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला रुग्णालयात गेलो. म्हाताऱ्याचं ऑपरेशन झालं होतं. पाय वर टांगलेला, पण जीभ चांगली शाबूत.

"बाबा, गाडीतून कोण उतरलं ते आठवतंय का?"

"पोरगी उतरली की. माज्याच बाजूच्या दारानं. दार उघडलं त्ये जवळजवळ माज्या डोस्क्यापाशी. म्हनली, बाबा, हलू नगा, पाय बांदते. हातानं लई घट्ट हाय पोरगी. म्या वरडलो तरी सोडलं न्हाई."

"आणि पलीकडच्या बाजूनं?"

"तिकडचं मला काय दिसतंय पडल्या-पडल्या?" मग त्यानं माझा हात धरला. "सायेब, तिला कायबी करू नगा. पाय बांदला व्हता म्हनून नीट बसला, आसं डाक्टर म्हनले. तिच्यावर केस घालनार आसाल तर मला तक्रारच करायची न्हाई."

डावं दार, डावा खांदा. ती कुठं बसली होती हे आता मला पक्कं माहीत होतं. पण तिनंच स्वतःहून गुन्हा कबूल केला होता, आणि कोर्टात ती त्यावर ठाम राहिली तर वकिलानं माझ्या दोन्ही पुराव्यांच्या चिंध्या केल्या असत्या. तिच्या तोंडून खरं यायला हवं होतं. आणि ती धाकानं बोलणाऱ्यातली नव्हती, हे एवढ्यात मला कळलं होतं.

तिला ठाण्यात बोलावलं. सासरे बरोबर आलेच. त्यांना मी माझ्या खोलीत चहा देऊन बसवलं आणि तिला महिला शिपायाबरोबर आवारात कारपाशी नेलं.

"ताई, मला फक्त एवढंच बघायचंय," मी म्हणालो, "तुम्ही गाडी सुरू कशी करता? चालवायची नाही. रोजच्यासारखं बसा आणि सुरू करा."

ती बसली. किल्लीला तिनं हातच लावला नाही. आधी तिचा डावा हात सीटखाली गेला, खटका ओढला आणि सीट खडखडत पुढं आली. तिनं क्लच पूर्ण दाबून गुडघा किती वाकतो ते पाहिलं. आणखी एक खाच पुढं घेतली. दोन्ही हात लांब करून मनगटं स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकवली, पाठ सीटला लागलेलीच आहे ना ते पाहिलं. डोक्यामागची उशी कानाच्या रेषेत आणली. आतला आरसा खाली वळवला. मग बाहेर डोकावून महिला शिपायाला म्हणाली, "ताई, डावा आरसा तेवढा उघडता का? ह्ये मिटूनच ठेवत्यात, वाटंला घासतो म्हनून."

शिपायानं आरसा उघडला. सुनेनं तो दोनदा इकडं-तिकडं करून घेतला. तिचा चेहरा बदलला होता. जबाब देताना खाली बघणारी बाई ती ही नव्हेच. मला अगदी नवल वाटलं. तिशीच्या आतली ही बाई भोरला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकली होती. शिकवणारे म्हणे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर होते, आणि त्यांनी पहिले चार दिवस तिला गाडी चालूच करू दिली नव्हती. नुसतं बसायला शिकवलं होतं.

मग ती जरा अंग उचलून बसली, समोर पाहिलं आणि तिला बॉनेटपलीकडचं नीट दिसेना. ती सहज म्हणाली, "आन माजी वाकळंची घडी डिकीत आसंल, तेवढी द्या. मला खाली लागती."

महिला शिपायानं डिकी उघडली. किकवीहून आणलेल्या तांदळाच्या पोत्याखाली चौकोनी शिवलेली वाकळेची जाड घडी दबून पडली होती. तिनं ती ओढून काढली आणि सुनेपुढं धरली.

सुनेनं त्या घडीकडं पाहिलं, आणि तिला स्वतःलाच कळलं. त्या दिवशी ती गाडी चालवत असती, तर ती घडी पोत्याखाली कशी गेली असती?

तिनं घडी हातात घेऊन मांडीवर ठेवली. मग ती जे बोलली ते मला अपेक्षितच नव्हतं.

"सायेब, म्या ब्रेक आन अ‍ॅक्सिलरेटर कंदीच चुकले न्हाई. शिकतानाबी न्हाई."

"मग जबाबात तसं का सांगितलंत?"

"म्या न्हाई सांगितलं. तुमी ईचारलं, घाबरून ब्रेकच्या जागी दुसरंच दाबलं ना? बायकांचं हुतंच आसं, म्हनला तुमी. म्या नुसतं व्हय म्हनले."

ती रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती साधं सांगत होती. ते वाक्य माझंच होतं, मला शब्दन्‌शब्द आठवलं. तिच्या जबाबात अपघाताचं जे एकमेव कारण लिहिलं होतं, ते मी पुरवलं होतं. सासरच्यांनी तिला फक्त 'मी चालवत होते' एवढंच म्हणायला सांगितलं होतं. बाकीचं खोटं मी रचून दिलं, कारण बाईनं गाडी ठोकली हे ऐकायला मी आधीपासूनच तयार बसलो होतो. माझी मान खाली गेली, आणि ती महिला शिपायासमोर गेली याचं मला तेव्हा जास्त वाईट वाटलं. आता तसं वाटत नाही.

"माझी चूक झाली, ताई," मी म्हणालो. "आता जे झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

"सांगते. सांगते म्या." ती सीटवरून माझ्याकडं वळली. "म्या त्यास्नी म्हनले व्हते, आरसा उघडा, मेंढरं हायती, म्हाताऱ्याला म्होरं जाऊ द्या. दोनदा म्हनले. आन ठान्यात येताना मामंजी म्हनले, तुजं नाव सांग, तुज्याकडं लायसन हाय. म्या चालवत आसते तर त्यो म्हातारा आज मेंढरामागं चालत आसता, सायेब! माज्या हातनं मानूस मोडला आसं लिहून घेतलंत तुमी. त्ये मला झोपू देत न्हाई."

"मग तेव्हाच 'नाही' का म्हणाला नाहीत?"

तिनं डोळे पुसले. "घरात समद्यांच्या नावावर काय ना काय हाय. जमीन, गाडी, ट्रॅक्टर. माज्या नावावर ह्ये एक लायसन. त्यास्नी तेच मागितलं. माज्याकडं मागन्यासारखं दुसरं व्हतं काय?"

महिला शिपायानं तिथंच कारच्या बॉनेटवर कागद ठेवून नवा जबाब लिहून घेतला. या वेळी मी एकही प्रश्न विचारला नाही. ती सांगत गेली आणि मी नुसतं ऐकलं. असा लांब आणि मुद्देसूद जबाब मी फार थोड्यांचा पाहिला आहे.

सासरे माझ्या खोलीत थंड झालेला चहा धरून बसले होते. त्यांना मी सगळं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी हळूच कप खाली ठेवला. "पोराला तुरुंगात घालनार का?"

"अपघात आहे, आबा. त्याची शिक्षा कोर्ट ठरवील. पण बिनलायसन आणि वर खोटं, हे दोन गुन्हे तुम्ही घरात बसून वाढवलेत."

ते म्हणाले, "सूनबाई घरची हाय, ती सांभाळून घेईल आसं वाटलं." त्यांना खरंच तसं वाटलं होतं. वाईट माणूस नव्हता तो. आपल्या घरातल्या माणसाकडून आपण काय मागतोय, याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता, एवढंच.

मुलगा दुसऱ्या दिवशी स्वतःहून आला आणि अर्ध्या तासात सगळं सांगून मोकळा झाला. पट्टा त्यानं लावलाच नव्हता. इशाऱ्याची पिंपिं बंद राहावी म्हणून बाजारात मिळणारी क्लिप खोबणीत अडकवून ठेवली होती. छाती स्टेअरिंगवर आपटलेली, दोन बरगड्या दुखावलेल्या, आणि तीन दिवस तो ते कुणाला न सांगता वाकून बसत होता. त्याला मी तपासणीला पाठवलं. दोषारोपपत्र त्याच्या नावावर गेलं. सुनेवर खोट्या माहितीबद्दल कारवाई करता आली असती. मी वरिष्ठांकडं जाऊन सगळं मांडलं, माझ्या त्या वाक्यासकट, आणि तिला साक्षीदार करायची परवानगी मागितली. ती मिळाली. मलाही चार शब्द ऐकावे लागले आणि ते मी ऐकून घेतले. लायसन मी तिच्या हातात परत दिलं. गटाचा टेम्पो ठरल्या महिन्यात आला.

या प्रकरणातून मी काय शिकलो? ठाण्यातली पद्धत तर लगेच बदलली. अपघाताच्या गाडीत बसण्याआधी सीट, आरसे, पट्टा, डोक्यामागची उशी, जे जसं आहे तसं फोटोत घ्यायचं आणि पंचनाम्यात लिहायचं, हे मी भिंतीवर लावलं. आमच्या जीपच्या पट्ट्यांच्या गाठी स्वतः सोडल्या. पण ही वरवरची गोष्ट झाली. खरी शिकवण वेगळी आहे. तपास करणारा माणूस प्रश्न विचारतो तेव्हा उत्तराची अर्धी तयारी तो स्वतःच करत असतो, आणि समोरचं माणूस जितकं दबलेलं, तितकं ते आपण पुढं केलेलं उत्तर मुकाट्यानं उचलतं. पुढं कुठल्याही जबाबात मी पहिला प्रश्न विचारून तोंड मिटायला शिकलो. काही वेळा पाच-पाच मिनिटं शांततेत जायची. लोक बोलतात. वेळ दिला की जवळपास सगळेच बोलतात.

ती सून अपघातानंतर दोन महिने किकवीला माहेरी होती, टेम्पो तिथूनच येऊन चालवायची. लोक नाही नाही ते बोलले. मीही धरून चाललो होतो की हा संसार काही धड राहत नाही, आणि त्याला आपण लिहून घेतलेला जबाब कारण झाला, म्हणून मला चुटपुट लागून राहिली होती. माझ्या बदलीच्या थोडं आधी मार्गासनीत आम्ही सकाळी नाकाबंदी लावली होती. तीच कार आली. पुढं तांबडा 'एल' लावलेला. नवऱ्यानं शिकाऊ लायसन काढलं होतं आणि तोच चालवत होता. शिकाऊ माणसाशेजारी पक्कं लायसन असलेली व्यक्ती बसलेली लागते, आणि त्या घरात तशी एकच होती.

मला पाहून त्यानं घाईघाईनं काच खाली केली आणि कागद पुढं करत बोलायला लागला, "सायेब, ह्ये बघा, आता समदं—"

"आधी हँडब्रेक वढा," डाव्या सीटवरून ती म्हणाली. "गाडी बंद करा. मग सायेबांशी बोला."

त्यानं हँडब्रेक ओढला आणि गाडी बंद केली.